वायुगळती झाली तर गावाने काय करायचं? मिरज-तासगाव भागातल्या गावांसाठी आराखड्याच्या पायऱ्या

पुराचा आराखडा आपल्याकडे प्रत्येकाच्या डोक्यात असतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर गेलं की धोका, हे शाळेतलं पोरही सांगतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी आपल्याला एवढं शिकवलंय की कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. पाणी चढायला वेळ लागतो आणि तो वेळ आपण वापरतो.

वायू एवढा वेळ देत नाही. आमच्या गावाजवळ बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज आहेत. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमधल्या एका रात्री अडीचच्या सुमारास त्यातल्या एकात अमोनियाचा व्हॉल्व्ह निसटला. डोळे चुरचुरून जाग आली. देवळाच्या कर्ण्यावरून कुणीतरी ओरडत होतं, "सगळे बाहेर या, रस्त्यावर या!" दारं-खिडक्या लावून झोपलेली घरं उघडली आणि आम्ही रस्त्यावर जमलो. वारा त्याच रस्त्याकडे वाहत होता. माझी दोन्ही मुलं माझ्या कडेला खोकत उभी होती. घरात थांबलो असतो तर बरं झालं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाच्या माणसाकडून कळलं. कुणाचा जीव गेला नाही, पण दम्याच्या एका आजींना चार दिवस दवाखान्यात काढावे लागले.

मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. त्यानंतर आठ महिने लागले, पण गावाचा आराखडा झाला. कुठे जायचं, काय मागायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं म्हणून बराच काळ वाया गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहितेय.

सुरू करण्याआधी: कायद्यात काय आहे

भोपाळला १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट पसरला, तेव्हा लोक वाट फुटेल तिकडे पळाले. कुठे पळायचं किंवा पळायचं की नाही, हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. पुढचे कायदे त्यातून आले. घातक रसायनांबाबतचे १९८९ चे नियम सांगतात की मोठ्या साठ्याच्या कारखान्याने आपल्या आवारापुरता आपत्कालीन आराखडा करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याची तालीम घ्यायची. आवाराबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा. अपघात झाला तर काय करावं, ही माहिती कारखान्याने आसपासच्या लोकांना आधीच द्यायची आहे. १९९६ च्या नियमांनी त्यासाठी गट नेमले. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि स्थानिक गटाचे प्रांताधिकारी.

इथे पहिला खड्डा आहे. हे नियम ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असणाऱ्या ठिकाणांना पूर्णपणे लागू होतात. बर्फाचा कारखाना, दूध शीतकरण केंद्र किंवा एखादं कोल्ड स्टोअरेज त्या मर्यादेच्या खाली असू शकतं. जिल्ह्याच्या आराखड्यात त्याचं नाव नसतं, पण त्याची भिंत तुमच्या शाळेला लागून असते. वरच्या आराखड्यावर विसंबून राहू नका. गावाचा आराखडा गावानेच करायचा आणि तो वरच्या आराखड्याला जोडून घ्यायचा.

पायरी १: फिरा आणि लिहून काढा

दोन-तीन जण मिळून एक रविवार काढा. गावापासून दोन किलोमीटरच्या आत काय काय आहे ते वहीत उतरवा. ठिकाण, रसायन, मालकाचा किंवा रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन. मालकापेक्षा ऑपरेटरचा नंबर महत्त्वाचा, कारण रात्री अडीचला व्हॉल्व्ह बंद करणारा तोच असतो.

आपल्या भागात काय सापडेल? बेदाण्याच्या आणि दुधाच्या शीतगृहांत अमोनिया. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीन, बऱ्याचदा सुमारे ९०० किलोच्या टनरमध्ये, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत इथेनॉल. कुपवाड, मिरज, पलूस, कडेगाव इथल्या औद्योगिक वसाहतींत तर आणखी कितीतरी. नोव्हेंबर २०२४ मध्ये कडेगाव तालुक्यातल्या शाळगाव एमआयडीसीत खताच्या कारखान्यात स्फोट होऊन विषारी वायू पसरला आणि तिघांचा जीव गेला. तेव्हा 'आमच्याकडे कुठे असले कारखाने' असं म्हणून वही बंद करू नका.

रस्ताही वहीत घ्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरवळ, सातारा, कराड करत पेठ नाक्यावरून जातो आणि त्यावरून रसायनांचे टँकर रात्रंदिवस धावतात. टँकरवर माहितीची पाटी असते आणि तिच्यावर चार आकडी यूएन क्रमांक. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, ११७० इथेनॉल. हे पाच आकडे महामार्गावरच्या ढाबेवाल्यांना आणि पंक्चरवाल्यांना पाठ करून द्या. टँकर उलटला तर आकडा लांबूनच वाचायचा. तो वाचायला जवळ जायचं नाही.

ग्रामपंचायतीच्या खोलीत पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची पोती असतील तर तीही नोंदवा. ती कोरड्या जागी, ॲसिड आणि इंधनापासून लांब ठेवा.

पायरी २: कागद गोळा करा

आमचा पहिला माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळला गेला. त्यात आम्ही 'कारखान्याची सर्व कागदपत्रे' मागितली होती. दुसऱ्या वेळी नेमकं मागितलं आणि मिळालं. तुम्ही सुरुवातच नेमकेपणाने करा:

- तालुक्यातल्या मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्यांची यादी: औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून
- आवाराबाहेरच्या आराखड्यातला आपल्या गावाबद्दलचा भाग आणि शेवटच्या तालमीची तारीख: जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून
- कारखान्याचं संमतीपत्र, त्यात रसायनं आणि उत्पादन लिहिलेलं असतं: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून
- प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे सेफ्टी डेटा शीट: थेट कारखान्याकडून
- गावठाणाचा नकाशा आणि घरांची यादी: ग्रामपंचायतीतून

माहिती अधिकाराचा अर्ज नमुना 'अ' मध्ये करायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि ३० दिवस वाट बघायची. पण माझा अनुभव असा की सरपंचांच्या सहीचं पत्र घेऊन कारखान्यात समोरासमोर बसलं तर निम्मी माहिती चहा संपायच्या आत मिळते. पहिल्या भेटीत भांडायला जाऊ नका. व्हॉल्व्ह निसटला तर सगळ्यात आधी त्यांचाच कामगार पडणार असतो. टाळाटाळ झालीच तर कायदा दाखवा. आधी ते कारखाने अधिनियमाचं कलम ४१-ब होतं; नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता आली आणि तशीच तरतूद तिच्यात आहे. धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने धोक्याची आणि उपायांची माहिती आसपासच्या जनतेला दिली पाहिजे, असं ती सांगते.

पायरी ३: नकाशावर वारा काढा

नकाशावर साठ्याची जागा लाल खुणेने दाखवा. मग वारा काढा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. थंडीत तो बऱ्याचदा पूर्वेच्या अंगाने फिरतो. म्हणजे जुलैमध्ये सुरक्षित असलेली आळी डिसेंबरमध्ये वाऱ्याखाली येते. आम्ही दोन नकाशे केले, पावसाळ्याचा आणि थंडीचा. तरीही त्या क्षणी खरा वारा कुठला आहे ते बघावंच लागतं आणि त्यासाठी देवळाच्या शिखरावरचा झेंडा पुरतो. रात्री झेंडा दिसावा म्हणून आम्ही त्याच्यावर एक दिवा सोडला.

थंडीची रात्र सगळ्यात वाईट. वारा पडलेला असतो, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते. पहाटे धुकं जसं ओढ्यात बसून राहतं, तसा वायूही खोलगट जागी साठून राहतो. म्हणून नकाशावर ओढे, चर आणि सखल वस्त्या वेगळ्या रंगाने दाखवा.

पायरी ४: आत थांबायचं की बाहेर पडायचं, हे आधीच ठरवा

सगळा आराखडा या एका प्रश्नाभोवती फिरतो. आम्ही सर्वांत जास्त बैठका याच पायरीवर घेतल्या, तुम्हीही घ्या.

*अमोनिया.* 'अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो' हे पुस्तकातलं वाक्य खरं आहे, पण त्यावर जीव टाकू नका. दाबाखालचा द्रवरूप अमोनिया बाहेर फुटतो तेव्हा तो अतिशय गार असतो. हवेतल्या ओलाव्याबरोबर त्याचं पांढरं धुकं होतं आणि ते जमिनीला धरून सरकतं. आम्ही त्या रात्री तेच पाहिलं. ढग गावात शिरला असेल तर पक्क्या घरात थांबा. दारं-खिडक्या लावा, पंखे-कूलर-एसी बंद करा, दाराखालच्या फटीत ओलं फडकं दाबा. वाऱ्यापासून लांबच्या बाजूच्या खोलीत बसा. नाका-तोंडावर साध्या पाण्याने भिजवलेलं कापड धरा. अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, त्यामुळे थोडा वेळ मिळतो.

*क्लोरीन.* हा हवेच्या जवळपास अडीचपट जड. घर दुमजली असेल तर वरच्या मजल्यावर जा. तळघर, विहिरीचा परिसर, ओढा टाळा. बाकी सगळं अमोनियासारखंच.

*एलपीजी.* इथे नियम उलटा होतो, आणि म्हणूनच तो वेगळा शिकवावा लागतो. घरात थांबायचं नाही. विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. गाडी सुरू करायची नाही. चूल विझवा आणि वाऱ्याला आडवं, चढाकडे, पायी निघा. एलपीजीच्या टँकरला आग लागली असेल तर सर्व बाजूंनी १६०० मीटर जागा रिकामी करायची. टाकी तापून फुटते तेव्हा बघे मरतात.

*इथेनॉल.* उन्हात त्याची ज्वाळा फिकी, जवळजवळ न दिसणारी असते. आग दिसत नाही म्हणून ती नाही, असं धरू नका.

बाहेर पडायचंच असेल तर वाऱ्याला आडवं निघा. वाऱ्याबरोबर पळालात तर वायू तुमच्या मागोमाग येतो. वाऱ्याच्या थेट विरुद्ध गेलात तर गळतीच्या तोंडाशी पोचता. आडवं चालत ढगाच्या कडेतून बाहेर पडायचं, मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला वळायचं. हे तोंडी सांगून कळत नाही. आम्ही शाळेच्या मैदानात फक्कीने ढग आखला आणि मुलांना त्यातून चालायला लावलं. त्या मुलांनी घरी जाऊन आपल्या आजोबांना शिकवलं.

आता दोन अवघड गोष्टी, ज्या कुठल्याच छापील नमुन्यात मला सापडल्या नाहीत.

पहिली, ऊसतोड मजूर. गाळप हंगाम आणि थंडीच्या पडलेल्या वाऱ्याच्या रात्री एकाच वेळी येतात. त्यांच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, ना दार, ना खिडकी. 'घरात थांबा' ही सूचना त्यांच्यासाठी निरर्थक आहे. आम्ही शाळेच्या दोन पक्क्या खोल्या त्यांच्यासाठी ठरवल्या, किल्ली जवळच्या घरात ठेवली आणि टोळी उतरल्या दिवशीच मुकादमाला आणि बायकांना त्या खोल्या दाखवायला लागलो. पालावर राहणारे, वीटभट्टीवरचे, मेंढपाळ हेही याच यादीत.

दुसरी, जनावरं. 'जनावरांचा विचार नंतर' हे कागदावर लिहायला सोपं आहे. पण म्हैस दावणीला असताना माणूस परत फिरतोच, ती त्याच्या घरचीच असते. आमच्या बैठकीत यावर तावातावाने बोलणं झालं. शेवटी असं ठरलं: घरात थांबायचं असेल तर गोठ्यात जायचं नाही. बाहेर पडायचं असेल आणि गोठा वाटेवर असेल तर दावं कापून द्यायचं, हाकत बसायचं नाही. एकदा बाहेर पडल्यावर परत फिरायचं नाही. दावं पटकन कापता यावं म्हणून गोठ्याच्या खांबाला विळा अडकवून ठेवतो.

पायरी ५: माणसं नेमा

समित्यांची लांबलचक नावं नकोत. मोजकी कामं आणि प्रत्येक कामाला दोन माणसं, कारण एक जण त्या दिवशी लग्नाला गेलेला असणारच. पोलीस पाटलांनी फोन करायचा. आशाताईंकडे अंथरुणाला खिळलेल्या, दम्याच्या, गरोदर आणि अपंग माणसांची यादी हवी, ती त्यांच्याकडे बहुतेक तयारच असते. अंगणवाडी सेविका आणि मुख्याध्यापकांनी शाळेच्या वेळेतली जबाबदारी घ्यायची. पालक शाळेकडे धावले तर ते स्वतः ढगात सापडतात, म्हणून मुलं शाळेतच बंद खोलीत सुरक्षित आहेत हे त्यांना आधी पटवा. तरुण मंडळाने गळतीकडे येणारे रस्ते अडवायचे, बघ्यांना थोपवायचं.

तरुणांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा. आत पडलेल्याला काढायला कुणीही साध्या मास्कवर जायचं नाही. कापडी मास्क, एन-९५, ओला रुमाल, यातलं काहीच तिथे टिकत नाही. आमच्या पोरांना वर्गणी काढून गॅस मास्क घ्यायचे होते आणि मी कडाडून विरोध केला. चुकीच्या फिल्टरचा मास्क माणसाला खोटं धाडस देतो. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, तिथल्या जुन्या हमालांना पेव उघडल्या उघडल्या आत उतरू नका हे सांगावं लागत नव्हतं. आतली हवा मारते, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही जातो, हे त्यांना ठाऊक होतं. तेच शहाणपण इथे लागू करा. आत जायचं ते श्वसनयंत्र लावलेल्या अग्निशमन जवानांनी किंवा कारखान्याच्या प्रशिक्षित माणसाने.

पायरी ६: इशारा आणि फोन

देवळाचा कर्णा उत्तम साधन आहे, पण त्यावर काय बोलायचं ते लिहून कर्ण्याशेजारी चिकटवा. आमच्याकडे दोनच वाक्यं आहेत. "वायुगळती झाली आहे, घरात थांबा, दारं-खिडक्या लावा." आणि दुसरं, "गॅस टँकर आहे, विजेला हात लावू नका, वाऱ्याला आडवं, चढाने पायी निघा." ही वाक्यं मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लिहिलेली आहेत. एमआयडीसीतले कामगार आणि सीमेपलीकडून आलेली कुटुंबं आपल्याच गावात झोपतात.

वीज गेली तर कर्णा मुका होतो, म्हणून बॅटरीवरचा हँड माइक आणि शिट्ट्या ठेवा. व्हॉट्सॲपवर विसंबू नका, रात्री निम्म्या लोकांचा डेटा बंद असतो. ग्रामसुरक्षा यंत्रणेत गावाची नोंदणी असेल तर एका कॉलवर सगळ्यांचे फोन वाजतात. बिबट्यासाठी आणि पुरासाठी ती वापरली जाते, तशीच ती इथेही चालते.

बाहेरचा पहिला फोन ११२ ला. रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, घरगुती गॅसगळतीसाठी १९०६. अग्निशमनाचा १०१ कुणाला लागतो, हे एकदा आपल्या गावातून लावून तपासा आणि जवळच्या केंद्राचा थेट नंबरही भिंतीवर लिहा. बोलताना जागा, रसायन किंवा यूएन क्रमांक, वासाची आणि रंगाची माहिती, अडकलेली माणसं आणि सगळ्यात शेवटी पण न विसरता, वारा कुठून कुठे आहे आणि गाडीने कुठल्या रस्त्याने यावं, हे सांगा. आमच्या गावाला दोन रस्ते आहेत. त्या रात्री बंब ज्या रस्त्याने आला तो नेमका ढगातला होता.

पायरी ७: सामान आणि प्रथमोपचार

फार काही लागत नाही: हँड माइक, शिट्ट्या, टॉर्च, रस्ता अडवायला दोर आणि लाल फडकी, चिकटपट्टी, बादल्या, जुनी स्वच्छ चादरी-कापडं, घरांची आणि आजाऱ्यांची छापील यादी. हे एकाच पेटीत, समाजमंदिरात. एलपीजीच्या वेळी टॉर्चही लांबूनच चालू करून यायचा.

डोळ्यात वायू गेला तर साध्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा. कपडे भिजले असतील तर काढा, डोक्यावरून ओढण्यापेक्षा कापा. लिंबू, व्हिनेगर, कांदा असले प्रयोग नकोत. श्वासातून वायू गेलेल्या माणसाला चालवू नका, अर्धवट बसवून ठेवा. आणि 'आता बरं वाटतंय' म्हणाला तरी दवाखान्यात न्याच. क्लोरीनसारख्या वायूंनी फुप्फुसात पाणी साठायला काही तास लागू शकतात.

ढग निघून गेल्याचं प्रशासनाने सांगितलं की लगेच दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. घरात झिरपलेला वायू बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ राहतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पायरी ८: ठराव आणि तालीम

ग्रामसभेत आराखड्याचा ठराव करून घ्या. ठरावाची प्रत प्रांत, तहसीलदार, पोलीस ठाणं आणि संबंधित कारखान्यांना द्या, पोच घ्या आणि 'आमच्या गावाचा समावेश जिल्ह्याच्या आराखड्यात व्हावा' ही एक ओळ त्यात असू द्या. पोच नसलेलं पत्र टेबलावरच राहतं.

मग तालीम. पहिली दिवसा, आधी सांगून. आमच्या पहिल्या तालमीत शेवटचं दार बंद व्हायला ४० मिनिटं लागली. मळ्यातल्या वस्तीवर कर्णा ऐकूच गेला नव्हता. तिसऱ्या तालमीला ११ मिनिटं लागली, कारण मधल्या काळात वस्तीवर वेगळा भोंगा बसला होता. दुसरी किंवा तिसरी तालीम रात्री घ्या, आणि कारखान्याला त्यांच्या तालमीच्या तारखेलाच गावाची तालीम ठेवायला सांगा, म्हणजे ऑपरेटरचा फोन खरोखर लागतो का हेही कळतं.

यादी वर्षातून दोनदा तपासा. आम्ही दसऱ्याला तपासतो, कारण पुढे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, आणि पाडव्याला, कारण तेव्हा बेदाण्याने कोल्ड स्टोअरेज भरत असतात. गेल्या दसऱ्याला शाळेच्या खोल्यांची किल्ली ज्या घरात होती ते कुटुंब पुण्याला गेल्याचं लक्षात आलं. आता किल्ल्या दोन घरांत आहेत, आणि कोणत्या ते मुकादमाच्या कोपीत खडूने लिहिलंय.